आधी खेळ ठरवा, मग विंडोज

माळ्यावरचा जुना पीसी खाली काढला, धूळ झटकली आणि बटण दाबल्यावर तो चालू झाला, की पुढचा प्रश्न हमखास येतो: आता यात विंडोज कोणतं टाकायचं? बहुतेक जण मशीनकडे बघून उत्तर शोधतात. पेंटियम फोर आहे म्हणजे एक्सपी, पेंटियम थ्री आहे म्हणजे ९८, असा सरळ हिशोब मांडतात. हा हिशोब पुष्कळदा फसतो. मशीन चालतं, विंडोजही चालतं, पण ज्या खेळासाठी एवढा खटाटोप केला तो एकतर सुरूच होत नाही, नाहीतर आवाजाविना चालतो, नाहीतर इतका सुसाट पळतो की खेळणं अशक्य होतं.

म्हणून सुरुवात खेळापासून करा. कोणते खेळ खेळायचे हे आधी ठरवा. ते कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिले होते ते बघा. मग तुमच्या मशीनमधल्या ग्राफिक्स कार्डाचे आणि साउंड कार्डाचे ड्रायव्हर त्या सिस्टिमसाठी मिळतात का ते तपासा. या तिन्हींचा मेळ जिथे बसेल ती तुमची सिस्टिम.

जुनी सिस्टिमच कशाला, आजच्या विंडोजवर हे खेळ का चालू नयेत, अशी शंका येणं स्वाभाविक आहे. कारणं अगदी ठोस आहेत. ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत, त्यामुळे नव्वदीतल्या अनेक खेळांचं इन्स्टॉलेशनच अडतं. मूळ सीडी ओळखण्यासाठी सेफडिस्क नावाची जी यंत्रणा त्या काळी वापरली जायची, तिचा ड्रायव्हर विंडोज १० ने बंद केला, म्हणून स्वतःची खरी सीडी असूनही खेळ उघडत नाही. विंडोज व्हिस्टापासून खेळाला साउंड कार्डाशी थेट बोलण्याचा रस्ता राहिला नाही, त्यामुळे ईएएक्सचे घुमणारे, दिशा सांगणारे आवाज गेले. एज ऑफ एम्पायर्स २ ची मूळ सीडी विंडोज ७ वर चालवली की गवत आणि पाणी भलत्याच रंगात दिसतं, कारण तो खेळ २५६ रंगांच्या पटलावर बेतलेला आहे. हे सगळे दोष जुन्या सिस्टिमवर मुळात उद्भवतच नाहीत.

यादी कागदावर उतरवा

दहा-पंधरा खेळांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे तो पीसीवर कधी आला ते वर्ष टाका. यादी आपोआप तीन गटांत विभागली जाईल.

पहिला गट डॉसचा. प्रिन्स ऑफ पर्शिया डॉसवर १९९० मध्ये आला, डूम १९९३ मध्ये. दुसरा गट विंडोज ९५ आणि ९८ च्या काळातला: रोड रॅश (१९९६), एज ऑफ एम्पायर्स (१९९७), हाफ-लाइफ (१९९८), मिडटाउन मॅडनेस (१९९९), प्रोजेक्ट आयजीआय (२०००). तिसरा गट एक्सपीच्या काळातला: मॅक्स पेन (२००१), जीटीए व्हाइस सिटी (पीसीवर २००३), नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड (२००५) आणि आपल्याकडे घरोघरी खेळलं गेलेलं क्रिकेट ०७ (२००६).

मात्र नुसत्या वर्षावर विसंबू नका, कारण सीमारेषा पुसट आहेत. क्वेक आणि ड्यूक न्यूकेम थ्रीडी हे दोन्ही १९९६ चे, म्हणजे विंडोज ९५ नंतरचे, तरी मुळात डॉससाठी लिहिलेले. व्हाइस सिटी एक्सपीच्या काळातली, पण ९८ वरही चालते. खोक्यावर किंवा सीडीच्या पाकिटावर किमान गरजा छापलेल्या असतात. त्यात सिस्टिमचं नाव काय दिलं आहे ते वाचा.

यादीत नुसतेच डॉसचे खेळ निघाले, तर जुन्या मशीनची गरज आहे का याचाही शांतपणे विचार करा. डॉसबॉक्स हा मोफत प्रोग्रॅम तुमच्या आजच्या लॅपटॉपवर बहुतेक डॉस खेळ उत्तम चालवतो. ज्याला खऱ्या साउंड कार्डाचा आवाज, जुना मॉनिटर आणि फ्लॉपीची खरखर हवी आहे, त्याने खरं मशीन जरूर उभं करावं. पण फक्त खेळायचं असेल तर पैसे आणि जागा दोन्ही वाचतील.

फॉरमॅट मारण्याआधी

मशीन चालू होतंय म्हणून लगेच फॉरमॅट मारायला घेऊ नका. आत जे विंडोज आहे त्यातल्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जा आणि ग्राफिक्स, साउंड, लॅन आणि मदरबोर्डचा चिपसेट यांची नावं वहीत लिहून घ्या. डिस्क एकदा पुसली की याच माहितीसाठी कॅबिनेट उघडून चिपवरची बारीक अक्षरं वाचत बसावं लागतं.

मराठी घरांतल्या आणि छोट्या कचेऱ्यांतल्या जुन्या मशीनवर आणखी एक ऐवज असतो: श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएममध्ये टाइप केलेली पत्रं, कविता, लग्नपत्रिका, हिशोब. हा मजकूर युनिकोडमध्ये नसतो. नुसत्या फाइली उचलून नेल्या तर नव्या कॉम्प्युटरवर त्या अगम्य चिन्हांसारख्या दिसतात. म्हणून फाइलींबरोबर त्या मशीनवरचे फाँटही जपून ठेवा, म्हणजे पुढे मजकूर वाचता आणि युनिकोडमध्ये बदलता येईल.

मग कॅबिनेट उघडा. मदरबोर्डवरचे कपॅसिटर वरून फुगलेले किंवा पाझरलेले असतील तर बोर्ड दुरुस्तीला द्या. २००० च्या आसपासच्या बोर्डांवर ही तक्रार सर्रास आढळते. तारीख-वेळ टिकत नसेल तर सीआर२०३२ हा बटणासारखा सेल बदला. ३८६ किंवा ४८६ असेल तर बोर्डावर सोल्डर केलेली बॅटरी गळलेली नाही ना हे सर्वांत आधी बघा, कारण ते रसायन बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकतं. वीसेक वर्षं जुना एसएमपीएस शक्यतो वापरू नका. नवा घेताना एक गोष्ट पाहा: पेंटियम थ्रीच्या काळातले बोर्ड पाच व्होल्टच्या लाइनवर जास्त भार टाकतात आणि आजच्या अनेक एसएमपीएसमध्ये तीच लाइन कमकुवत असते. लेबलवरचा पाच व्होल्टचा अँपिअरचा आकडा वाचूनच घ्या.

डॉस: ४८६ आणि पहिल्या पेंटियमसाठी

१९९४ चं एमएस-डॉस ६.२२ ही या काळाची रूढ निवड. कायदेशीर आणि मोफत पर्याय हवा असेल तर फ्रीडॉस आहे. त्यावर आजही काम चालू आहे. ६.२२ वापरताना ध्यानात ठेवा की एक पार्टिशन २ जीबीपेक्षा मोठं करता येत नाही. डॉसच्या खेळांना एवढी जागा भरपूर झाली.

डॉसमधली खरी लढाई मेमरीची असते. मशीनमध्ये १६ एमबी रॅम असली तरी डॉसचे प्रोग्रॅम मुख्यतः पहिल्या ६४० केबीत मावावे लागतात आणि माउसचा, सीडी ड्राइव्हचा ड्रायव्हरही त्यातच जागा अडवतो. मग १६ एमबीच्या मशीनवर खेळ ‘मेमरी अपुरी’ म्हणून सांगतो. उपाय म्हणजे डॉसचा काही भाग आणि हे ड्रायव्हर ६४० केबीच्या वरच्या भागात हलवणं. ‘मेम’ ही कमांड दिली की कोणी किती जागा व्यापली ते दिसतं.

अडचण पुढेच आहे. विंग कमांडरसारख्या खेळाला ईएमएस नावाची मेमरी हवी असते आणि ती पुरवायला ईएमएम३८६ हा मेमरी मॅनेजर लागतो. उलट अल्टिमा ७ (१९९२) स्वतःचा मेमरी मॅनेजर घेऊन येतो आणि ईएमएम३८६ असेल तर चालायला नकार देतो. दोघांना एकाच मांडणीत खूश ठेवता येत नाही. म्हणून डॉस ६ पासून मिळालेली सोय वापरा: कॉन्फिग फाइलमध्ये मेनू बनवा. मशीन सुरू होताना ‘१. ईएमएससह, २. ईएमएसशिवाय, ३. सीडी ड्राइव्हशिवाय’ असे पर्याय समोर येतील आणि ज्या दिवशी जो खेळ खेळायचा त्याप्रमाणे आकडा दाबता येईल. हा मेनू एकदा नीट लिहिला की पुढची डोकेदुखी जवळपास संपते.

आवाजासाठी आयएसए स्लॉटमधलं साउंड ब्लास्टर १६ किंवा त्याच्याशी जुळणारं कार्ड घ्या. खेळाच्या सेटअपमध्ये पत्ता २२०, आयआरक्यू ५ किंवा ७ आणि डीएमए १ हे आकडे विचारले जातात. कार्ड ज्या आकड्यांवर बसवलं आहे तेच तिथे द्या.

वेगाचाही प्रश्न आहे. १९९० च्या सुमाराचे काही खेळ प्रोसेसर जितका जलद तितके जलद पळतात. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले काही प्रोग्रॅम २०० मेगाहर्ट्‌झच्या पुढच्या प्रोसेसरवर ‘रनटाइम एरर २००’ म्हणून बंद पडतात. जॅझ जॅकरॅबिट हा त्यातलाच एक. बायॉसमध्ये जाऊन प्रोसेसरची कॅश बंद केली की मशीन बरंच मंदावतं आणि असे पुष्कळ खेळ ताळ्यावर येतात.

विंडोज ९८ सेकंड एडिशन: सर्वांत जास्त खेळ सामावणारी

एकच जुनं मशीन ठेवायला जागा असेल तर माझा कौल १९९९ च्या विंडोज ९८ सेकंड एडिशनला. तिच्या पोटात खरा डॉस आहे. बंद करताना ‘एमएस-डॉस मोडमध्ये रीस्टार्ट’ निवडलं की विंडोज बाजूला होतं आणि डॉसचा खेळ थेट हार्डवेअरशी बोलू लागतो. दुसऱ्या बाजूने तिच्यावर डायरेक्टएक्स ९ पर्यंत मजल जाते, म्हणजे २००३ पर्यंतचे बरेच खेळही चालतात. प्रिन्स ऑफ पर्शियापासून व्हाइस सिटीपर्यंत एका डिस्कवर, हे दुसऱ्या कुठल्याही विंडोजला इतक्या सहज जमत नाही.

तिला शोभेल असं मशीन म्हणजे पेंटियम थ्री, २५६ एमबी रॅम, एजीपी स्लॉटमधलं जीफोर्स २ एमएक्ससारखं कार्ड आणि साउंड ब्लास्टर लाइव्ह. बोर्डावर एखादा आयएसए स्लॉट असेल तर डॉसच्या आवाजासाठी तो सोन्यासारखा जपा. नीड फॉर स्पीड २ च्या स्पेशल एडिशनसारखे काही खेळ ग्लाइड या थ्रीडीएफएक्स कंपनीच्या पद्धतीत सर्वांत चांगले दिसतात आणि त्यासाठी व्हूडू कार्डच लागतं. ही कंपनी २००० च्या अखेरीस एनव्हिडियाच्या हाती गेली, आता तिची कार्डं दुर्मीळ आणि महाग आहेत. यादीत ग्लाइडवाचून अडणारा खेळ नसेल तर त्यामागे धावू नका.

९८ ला जास्त रॅम सोसत नाही. ५१२ एमबीच्या पुढे गेलात की ती भरपूर रॅम असतानाही ‘मेमरी पुरेशी नाही’ असं सांगून अडू शकते, कारण तिची फाइल कॅश बेसुमार वाढते. सिस्टिम डॉट आयएनआय फाइलमध्ये व्हीकॅश या भागात कमाल कॅशचा आकडा ठरवून देता येतो, पण २५६ एमबीची पट्टी लावून मोकळं होणं अधिक सोपं. हार्ड डिस्कही १३७ जीबीपेक्षा लहानच ठेवा; तिचा मूळ ड्रायव्हर त्यापुढची जागा हाताळू शकत नाही आणि डेटा खराब होतो. पेनड्राइव्ह ती आपणहून ओळखत नाही. सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर एका सीडीवर आधीच लिहून ठेवा.

विंडोज टाकताना एक जुनी, उपयोगी रीत पाळा. सीडीवरचं ‘विन९८’ हे फोल्डर आधी हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि सेटअप तिथूनच चालवा. पुढे प्रत्येक ड्रायव्हर टाकताना ती सीडी मागते. फोल्डर डिस्कवर असलं की सीडी शोधत बसावं लागत नाही. ड्रायव्हरचा क्रमही ठरलेला ठेवा: आधी चिपसेट, मग डायरेक्टएक्स, मग ग्राफिक्स, मग साउंड आणि शेवटी लॅन. प्रत्येक टप्प्यानंतर रीस्टार्ट करा.

विंडोज एक्सपी: २००१ ते २००७ च्या खेळांसाठी

यादीतला मोठा भाग मॅक्स पेननंतरचा असेल, किंवा मशीन साटा डिस्क आणि पीसीआय एक्सप्रेस कार्डाचं असेल, तर एक्सपी घ्या. २००४ मध्ये पीसीआय एक्सप्रेस आलं आणि त्यानंतरच्या बोर्डांसाठी ९८ चे ड्रायव्हर सहसा मिळत नाहीत. तिथे ९८ चा हट्ट धरला तर १६ रंगांच्या पडद्यावर समाधान मानावं लागतं.

३२-बिट एक्सपी, सर्व्हिस पॅक ३ सह, हीच आवृत्ती निवडा. तिला २ जीबी रॅम भरपूर झाली. ४ जीबी लावली तरी त्यातली साधारण सव्वातीन जीबीच तिला दिसते. इन्स्टॉलेशन सुरू होताच निळा पडदा आला तर बायॉसमध्ये साटाची सेटिंग एएचसीआयवरून आयडीईवर आणा, कारण एक्सपीच्या सीडीत एएचसीआयचा ड्रायव्हर नसतो. साउंड ब्लास्टर ऑडिजी मिळालं तर अवश्य लावा. या काळातल्या कितीतरी खेळांचे ईएएक्सचे आवाज पूर्ण ताकदीने ऐकवणारी एक्सपी ही शेवटची विंडोज.

डॉसच्या खेळांसाठी मात्र तिच्यावर भिस्त ठेवू नका. एक्सपी प्रोग्रॅमला हार्डवेअरला हात लावू देत नाही, त्यामुळे डॉसचे खेळ चालले तरी आवाज तुटतो किंवा येतच नाही. एक्सपीच्या मशीनवर डॉससाठी डॉसबॉक्स टाका.

मधल्या आवृत्त्या

विंडोज ९५ ची वाट सहसा धरायची गरज नाही. मशीन ४८६ असेल आणि १६ एमबी रॅममध्ये विंडोज बसवायचंच असेल, तेव्हा ती ९८ पेक्षा हलकी पडते. पण जलद प्रोसेसरवर ती सुरू होतानाच अडू शकते. मिलेनियममध्ये खऱ्या डॉसचा रस्ता बंद केला आहे, म्हणजे ९८ चं मुख्य बळच काढून घेतलं आहे. विंडोज २००० भक्कम आहे, पण ती कचेऱ्यांसाठी बनली होती आणि खेळांच्या बाबतीत एक्सपी तिच्याहून सरस ठरते.

दोन सिस्टिम, दोन डिस्क

९८ आणि एक्सपी दोन्ही हव्या असतील तर एकाच डिस्कवर दोन्ही कोंबू नका. ९८ ला एक्सपीचं एनटीएफएस वाचता येत नाही आणि एकीचा बिघाड दुसरीला भोवतो. त्यापेक्षा कॅमेऱ्यात वापरायची कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डं घ्या आणि ती आयडीई केबलला जोडणारा छोटा ॲडॅप्टर लावा. एका कार्डावर ९८, दुसऱ्यावर एक्सपी. मशीन बंद करायचं, कार्ड बदलायचं, पुन्हा चालू करायचं. कार्डाला फिरणारे भाग नाहीत, त्यामुळे जुनी हार्ड डिस्क उडण्याची धास्तीही राहत नाही. फ्लॉपी ड्राइव्ह रुसला असेल तर त्याच्या जागी पेनड्राइव्हला फ्लॉपी म्हणून दाखवणारा इम्युलेटर बसतो.

सुटे भाग घ्यायला मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली आणि जुना बाजार धुंडाळा, गावातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यालाही विचारा. पण विकत घेण्याआधी त्या कार्डाचा ड्रायव्हर तुमच्या सिस्टिमसाठी मिळतो याची खात्री करा. कार्ड स्वस्त मिळालं आणि ड्रायव्हरच सापडला नाही, तर ते नुसतं शोभेचं. भाग जमवण्याआधी सगळा बेत ८६बॉक्ससारख्या इम्युलेटरवर करून पाहता येतो. तो प्रोसेसरपासून साउंड कार्डापर्यंत जुनं मशीन जसंच्या तसं उभं करतो, आणि तुमची यादी ९८ वर किती चालते हे एक रुपया खर्च न करता कळतं.

इंटरनेट आणि परवाना

या मशीनला इंटरनेट जोडू नका. ९८ चे सुरक्षा अपडेट जुलै २००६ मध्ये थांबले, एक्सपीचे ८ एप्रिल २०१४ ला. या मशीनवरून बँकेचं काम किंवा ईमेल अजिबात नको. फाइली न्यायच्या तर सीडी लिहा किंवा कार्ड काढून नव्या कॉम्प्युटरला लावा. दोन मित्रांना एज ऑफ एम्पायर्स एकत्र खेळायचं असेल तर दोन्ही मशीन एका साध्या स्विचला जोडा आणि त्या स्विचला राउटरपासून दूर ठेवा.

जुनं झालं म्हणून विंडोज फुकट होत नाही. त्याचे हक्क आजही मायक्रोसॉफ्टकडेच आहेत. जुन्या ब्रँडेड मशीनच्या कॅबिनेटवर परवान्याचं स्टिकर आणि की असते. तिचा फोटो काढून ठेवा, कारण ती अक्षरं पुसट होत जातात. जुनी सीडी कोणी टाकून देत असेल तर मागून घ्या. कुठूनतरी उतरवलेल्या ‘तयार’ विंडोजमध्ये कोणी काय पेरून ठेवलं आहे हे सांगता येत नाही.

थोडक्यात निवड

४८६ किंवा पहिला पेंटियम आणि यादी १९९५ पर्यंतची: डॉस. पेंटियम टू, थ्री किंवा एजीपी असलेला सुरुवातीचा पेंटियम फोर आणि यादी मिश्र: ९८ सेकंड एडिशन. साटा, पीसीआय एक्सप्रेस आणि यादी २००१ नंतरची: एक्सपी. यादी आणि मशीन जुळत नसतील तर मशीन बदला, यादीला मुरड घालू नका. खेळांसाठीच तर हा सगळा घाट घातला आहे.

आणि सिस्टिम बसली, ड्रायव्हर टाकले, पहिला खेळ आवाजासह नीट चालला, की पुढचा खेळ टाकण्याआधी त्या कार्डाची किंवा डिस्कची संपूर्ण प्रत नव्या कॉम्प्युटरवर काढून ठेवा. पुढे काहीही बिघडलं तरी अर्ध्या तासात मशीन पुन्हा पूर्ववत उभं राहील, आणि सुट्टीचा दिवस ड्रायव्हर शोधण्यात न जाता खेळण्यात जाईल.